शिवकालीन वेश आणि घरातल्या जुन्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवकालीन वेश करून तो काळ जगून बघणं आणि जुन्या वस्तू जमवणं, या दोन नादांबद्दल आमच्याकडे प्रश्नांच्या दोन लाटा येतात. पहिली जून-जुलैत, रायगडचा सोहळा आणि पावनखिंडीची वाट जवळ आली की: अंगरखा कुठे शिवायचा, तलवार कुठे मिळेल. दुसरी दिवाळीच्या साफसफाईत: माळ्यावरून हंडा निघालाय, नाणी निघालीत, आजोबांची गुप्ती (काठीत लपवलेलं पातं) निघालीये, काय करू? दोन्ही नाद एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शिवकाळ जगून बघायचा म्हणजे नक्की काय असतं? शिवजयंतीच्या मिरवणुकीत वेश करतात तेच ना?

मिरवणूक हा त्याचा एक भाग. मिरवणुकीत लांबून शोभून दिसलं की काम भागतं. आम्ही करतो त्यात एखादं साल धरायचं आणि त्या सालातला माणूस काय नेसत होता, काय खात होता, सामान कशात बांधत होता हे स्वतः करून बघायचं. नाटकासारखे संवाद नसतात, प्रेक्षक असलेच पाहिजेत असंही नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवर जुलैच्या पावसात घोंगडं पांघरून चाललात, की १३ जुलै १६६०ला त्या वाटेवर काय झालं असेल याचा थोडा अंदाज पायांना येतो. पुस्तकात चिखल घोट्यापर्यंत येत नाही.

२. सुरुवात करायची तर आधी काय विकत घ्यावं?

काही नाही. पहिलं वर्ष बघण्यात घालवा. पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, एवढं नीट पाहून झालं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते. त्यानंतर एक वाक्य वहीत लिहा: मी कोण आणि कोणत्या सालातला? ‘१६६० सालचा बारा मावळातला पायदळी’ हे उत्तर झालं. ‘मराठा योद्धा’ हे उत्तर नव्हे, कारण १६६०चा मावळा आणि १७६१ला पानिपतावर उभा असलेला शिलेदार यांच्यात शंभर वर्षं आहेत. तुमच्या पणजोबांचा फोटो काढून स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांशी ताडून पाहा. शंभर वर्षांत किती बदलतं ते कळेल.

३. कपडे कसे असावेत? तयार पोशाख मिळतात ते चालतील का?

भाड्याचे मिळतात ते नाटकासाठी बनवलेले असतात: चमकदार साटीन, वर जर, मागे चेन. लांबून छान. पण ते घालून पावसात दोन तास चाला. पॉलिएस्टर अंगाला चिकटतं, काखेत सोलतं आणि रात्री वाळत नाही. जाड सुती किंवा खादी घ्या, न रंगवलेली असली तर उत्तमच. अंगरखा बंदांचा असावा, चेन आणि वेल्क्रो नको. खाली चोळणा (सैलसर विजार), कमरेला शेला. शेला शोभेचा नाही; त्यात कट्यार खोचतात, भाकरी बांधतात, रात्री तो डोक्याखाली जातो.

सगळ्यात जास्त घोळ डोक्यावर होतो. कडक, बांधून तयार असलेली पुणेरी पगडी ही एकोणिसाव्या शतकातली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांच्या काळाची ओळख. ती मावळ्याच्या डोक्यावर ठेवली की दोनशे वर्षांची उडी झाली. मावळ्याला साधं पागोटं पुरे, आणि ते स्वतः बांधायला शिका. पहिले दहा वेळा सुटेल. माझं एकदा ऐन घोषणेच्या वेळी सुटून पुढच्याच्या खांद्यावर पडलं होतं.

आधार हवा असेल तर समकालीन चित्रं बघा. आम्सटरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये विट्सेन संग्रहात महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र आहे. अंगरख्याचा घेर, शेल्याची गाठ, पागोट्याची ठेवण यांसाठी कॅलेंडरवरच्या चित्रापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

४. चष्मा, घड्याळ, बूट यांचं काय?

चष्मा लावा. दरीच्या कडेला न दिसता चालण्याइतकं कोणतंही साल महत्त्वाचं नाही. बुटांचंही तेच: पावसाळी वाटेवर जुन्या धाटणीची चामडी वहाण घालून घसरण्यापेक्षा चांगल्या पकडीचे बूट घाला आणि तळावर पोचल्यावर बदला. घड्याळ मात्र काढून ठेवा, फोटोत पहिलं तेच दिसतं.

५. हातात खरी तलवार घेता येते का?

धारेची तलवार नको. एक कारण साधं आहे, गर्दी. दुसरं कायद्याचं. शस्त्र नियमांत तलवारी, भाले, कट्यारी आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. शिवाय सणावारांच्या काळात शहरांत आणि जिल्ह्यांत जमावबंदीसोबत शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात कधीकधी लाठीसुद्धा येते. म्हणून बोथट, टोक गोल केलेली, हलक्या धातूची किंवा लाकडी प्रतिकृती वापरा आणि मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जातच ‘इतक्या प्रतिकृती, इतके लोक’ असं लिहून पोलीस ठाण्याचा शिक्का घ्या. त्या कागदाची प्रत म्यानाबरोबर ठेवा. रस्त्यात अडवणारा हवालदार प्रतिकृती आहे की अस्सल हे हातात घेऊनच ठरवणार. तोवर तो कागद कामाला येतो.

ऑनलाइन मागवलेली ‘शोभेची’ तलवार घरी आल्यावर धारदार निघाली, असे प्रकारही होतात. मागवण्याआधी विचारा.

६. आजोबांच्या ट्रंकेत जुनी तलवार किंवा ठासणीची बंदूक सापडली. लपवू की सांगू?

सांगा. लपवलेली वस्तू पुढच्या पिढीला आणखी अडचणीत टाकते. नादुरुस्त, कालबाह्य बनावटीच्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा जुन्या बंदुकांना शस्त्र कायद्यात सूट आहे. पण आपली बंदूक त्या सुटीत बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, वाटल्यास एखाद्या वकिलाला बरोबर न्या. बंदूक साफ करू नका, चाप ओढून बघू नका, नळीत काठी घालू नका. जुन्या नळीत दारू भरलेली राहून गेलेली असू शकते.

तलवार असेल तर तिच्या वयाप्रमाणे प्रश्न १६सुद्धा लागू होतो.

७. दांडपट्टा कुठे शिकता येईल? किती दिवस लागतात?

आधी लाठी. कोल्हापूर, सातारा, पुणे या भागांत मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, तिथे वस्ताद पट्टा लगेच हातात देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. दांडपट्ट्याच्या मुठीला कोपराखालपर्यंत लोखंडी खोबण असते, त्यामुळे मनगट वळत नाही. तलवार मनगटावर फिरते, पट्टा खांदा, कंबर आणि पावलांवर. पावलं बसली नाहीत तर पातं पहिल्यांदा आपल्याच मांडीला लागतं. लाठी-काठी, फरी-गदगा (ढाल आणि सोटा) आणि मग पट्टा, असा क्रम धरला तर वर्ष-दोन वर्षं सहज जातात. २०२४मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा मिळाल्यापासून आठ दिवसांत शिकवणारे शिबिरवालेही निघालेत. डोक्यावरचं लिंबू कापण्याचा खेळ दाखवणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः लिंबू ज्याच्या डोक्यावर आहे तो लहान मुलगा असेल तर.

८. गडावर कार्यक्रम करायला परवानगी लागते का?

लागते, आणि कोणाची हे गडाप्रमाणे बदलतं. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. काही ठिकाणी वन खात्याचीही वेगळी लागते. हे सगळे गड जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारांपैकी आहेत, तेव्हा नजर आणखी बारीक असणार हे धरून चाला. दोन महिने आधी अर्ज करा. मशाल तटाला टेकवू नका, तेलाचा डाग दगडात मुरतो. बुरुजावर झेंड्यासाठी खिळा ठोकू नका. आणि ध्वनिक्षेपक? शिवकालात नव्हता, एवढंच म्हणतो.

९. तळावरच्या जेवणात काय चालेल?

हा माझा आवडता प्रश्न. भाकरी, पिठलं, कांदा, भात, ताक, गूळ, सुकं खोबरं, इथे अडचण नाही. मिरचीवर दर वर्षी वाद होतो. मिरची मूळ अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली, म्हणजे सतराव्या शतकात ती ओळखीची झालेली. पण प्रत्येक घरी आजच्यासारखा ठेचा होत असेल असं मी धरत नाही. मिरी आणि आलं जास्त वापरतो. बटाटा आणि टोमॅटो वगळा. त्यांचा सर्रास वापर फार पुढचा. साबुदाणा तर त्याहून नवा, त्यामुळे उपासवाल्या मावळ्यांची पंचाईत होते. त्यांना वरई द्या. चहा नाही. चहावाचून पहाटे चारला उठणारे मावळे किती चिडचिडे असतात हे एकदा अनुभवा. आमच्याकडे आता चहा तळाच्या मागे, ताडपत्रीआड मिळतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते.

१०. बायकांनी कोणती भूमिका घ्यावी? नुसतं औक्षणच का?

औक्षण हवं तर करा, पण तेवढंच कशाला? १७०० ते १७०७ या सात वर्षांत औरंगजेबाविरुद्धचा लढा महाराणी ताराबाईंनी चालवला. तळेगावच्या उमाबाई दाभाडे सैन्याबरोबर होत्या. आणि राणी नसलेल्या बायका? गडावर शिबंदीची, म्हणजे तिथल्या शिपायांची, कुटुंबं राहत होती, दळण-कांडण होतं, कडबा होता, दूध होतं. हिरकणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण जातं ओढायला कोणी बसत नाही. आमच्यातल्या एकीने एका तळावर पहाटे जात्यावर दळलं. शेजारच्या तंबूतली सगळी पोरं बंदूकवाल्याला सोडून तिच्याभोवती येऊन बसली.

११. घरी वस्तू जमवायच्या आहेत. पण कोणत्या? सगळंच आवडतं.

सगळं जमवणाऱ्याचं घर दोन वर्षांत भंगाराचं दुकान होतं. एक धागा धरा. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय उभं केलं, आणि त्यातली लोकांच्या लक्षात राहणारी दालनं दिव्यांची, अडकित्त्यांची, स्वयंपाकघराची आहेत. म्हणजे हत्यार आणि नाणं यांच्यापलीकडे खूप काही आहे.

नवशिक्याला मी धान्याची मापं सुचवतो. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली: प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. मेट्रिक मापं सक्तीची झाल्यावर, साठच्या दशकात, ही घरोघरची मापं अडगळीत गेली, त्यामुळे गावाकडे अजून मिळतात आणि फार महाग नसतात. त्यांत बनावटीचं प्रमाणही कमी, कारण खोटी पायली बनवून कोणाला काय मिळणार? गंमत म्हणजे दोन गावच्या पायल्या शेजारी ठेवल्या की त्या सारख्या निघत नाहीत. तांदूळ भरून मोजून बघा आणि फरक वहीत लिहून ठेवा, तुमचा अभ्यास तिथे सुरू झाला.

१२. भांडं किती जुनं आहे ते कसं ओळखायचं?

आधी उलटं करा. आपल्या लोकांनी एक फार मोठा उपकार केलाय: भांड्यांवर नावं घातली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘चि. सौ. कां. … हीस मामांकडून सप्रेम भेट’ आणि खाली तारीख. माझ्याकडच्या एका घंगाळाच्या काठावर १९३८ सालची मे महिन्यातली तारीख आहे, म्हणजे उघडच लग्नसराई. त्यावर दुसऱ्या हाताने, वेगळ्या अक्षरात, आणखी एक नाव आहे. म्हणजे ते घंगाळ पुन्हा एकदा आहेरात गेलं. काटकसर म्हणा किंवा काही म्हणा.

नाव नसेल तर बुडाची झीज, कडीचे रिवेट, जोडाची रेघ आणि डाग बघा. जुनं भांडं जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत आणि कोपऱ्यांत काळं असतं. सगळीकडे सारखंच काळं असलेलं भांडं मुद्दाम काळं केलेलं असतं. काशाचं असेल तर बोटाने वाजवा: कासं घंटेसारखं घुमतं, पितळ लवकर गप्प होतं. फक्त जपून. पितळेला पोचा पडतो, कासं सरळ तडकतं.

१३. जुन्या बाजारात फसवणूक कशी टाळायची?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जाताना एक नियम पाळा: गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू घ्या. ‘अमक्या सरदारांच्या वाड्यातून आलीये’ ही गोष्ट. त्या गोष्टीचे पैसे वेगळे लावलेले असतात. मी ‘वाड्यातली’ म्हणून घेतलेली समई घरी आणून ओल्या फडक्याने पुसली, तर काळा रंग फडक्यावर आला आणि खाली पिवळाधमक नवा पितळ. ती समई आजही आमच्याकडे रोज लावतात. आई म्हणते, फसलास पण वाया नाही गेलं.

दोन साध्या गोष्टी: सकाळच्या उजेडात जा आणि पहिल्या फेरीत काही घेऊ नका. पावती मागा, नुसत्या चिठ्ठीवर तारीख, वस्तू, रक्कम असली तरी चालेल. नंतर हीच चिठ्ठी कामाला येते (प्रश्न २२).

१४. माझ्याकडचं शिवराई नाणं खरं आहे का? फोटो पाठवू का?

फोटोवरून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच काय बघायचं ते सांगतो. शिवराई तांब्याची. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. शब्द पुष्कळदा ‘सिव’ असा निघतो. ती चूक बघून नाणं खोटं ठरवू नका. हाताने ठोकलेलं असल्याने ठसा मधोमध नसतो, अक्षरं काठाबाहेर गेलेली, आकार ओबडधोबड. ज्या नाण्यावर सगळी अक्षरं सुबक, पूर्ण आणि मधोमध आहेत ते बघून आधी शंका घ्या, मग आनंद. भिंगाखाली बारीक बुडबुड्यांची छिद्रं किंवा कडेवर साच्याची रेघ दिसली तर ते ओतलेलं आहे. आणि शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्याच काळातली असंही नाही. हा प्रकार पेशवाईत, पुढे इंग्रजी अंमल आल्यावरही काही काळ चालत होता. ‘दुदांडी’ शिवराई, जिच्यावर मधे दोन आडव्या रेघा असतात, ती उत्तरकाळातली.

‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा’ आणि मागे ओम किंवा देवाचं चित्र असलेलं नाणं तुमच्याकडे असेल तर ते नाणं नव्हेच, अलीकडे बनवलेलं खेळणं आहे. कंपनीने असं नाणं कधी काढलं नाही. हे वाचून दर वेळी कोणीतरी नाराज होतं.

१५. राणीछाप रुपयात खरंच चांदी असते का?

असते. व्हिक्टोरियाच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १८७७पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं, साल पुसलं असेल तर यावरून काळ लागतो. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया तर निकेलचा. चुंबकाला चिकटला की समजायचं, चांदीचा नाही. लक्ष्मीपूजनाला ठेवतात ते रुपये मात्र हल्ली सराफाकडे नवे पाडलेलेही मिळतात, राणीचा चेहरा तोच. वजनकाटा घ्या.

१६. घरात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू ठेवणं गुन्हा आहे का?

नाही. ही भीती उगाच पसरली आहे. १९७२च्या पुरावशेषांच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते; शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. ठेवायला बंदी नाही. पण काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे: दगड, धातू, माती, हस्तिदंत, लाकूड यांतलं मूर्तिकाम आणि कोरीवकाम, चित्रं, सचित्र पोथ्या. साधी नाणी, साधी भांडी या यादीत नाहीत. म्हणजे आजीचा तांब्याचा हंडा निवांत वापरा, पण देवघरातली दीडशे वर्षांची धातूची मूर्ती नोंदवलेली बरी. नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते, फोटो लागतात. मालक बदलला तर तेही कळवायचं. पुरावशेषांचा व्यापार करायचा असेल तर वेगळा परवाना लागतो.

१७. मुलगी अमेरिकेत असते. पणजीची समई तिला पाठवता येईल का?

समई शंभर वर्षांच्या आतली असेल तर हो. त्यापुढची असेल तर नाही. पुरावशेष देशाबाहेर नेणं खासगी माणसाला पूर्ण बंद आहे, भेट असो वा विक्री, आणि शिक्षा किमान सहा महिने कैदेची आहे. जुनी दिसणारी पण जुनी नसलेली वस्तू न्यायची असेल तर ‘हा पुरावशेष नाही’ असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुलीला नवी समई पाठवा, पणजीचीचा फोटो आणि हकीकत सोबत द्या.

१८. शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं लागलं. ज्याचं शेत त्याचं ना?

नाही. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. हे दहा रुपये १८७८ सालचे आहेत, पण कायद्यात आकडा तोच आहे. कळवलं तर शोधणाऱ्याला मोबदला मिळण्याची तरतूद आहे. लपवलं तर तो हक्कही जातो आणि खटलाही होतो. जागेवरून काही हलवू नका. गाडगं, आजूबाजूची माती, नाण्यांचा क्रम यांवरूनच ते कधी पुरलं हे कळतं. मेटल डिटेक्टर घेऊन गडावर फिरणाऱ्यांना तर मी संग्राहक म्हणतच नाही.

१९. आजोबांच्या साखळीत वाघनख आहे, हस्तिदंताची डबीही आहे. ठेवू का?

आधी शब्दाचा घोळ. ‘वाघनखं’ हे हत्यार लोखंडी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं जे जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्यात, आलं, तेही पोलादीच. (ते अफझलखानाच्या वधातलंच आहे असं ते संग्रहालय स्वतःही ठामपणे म्हणत नाही.) तुमच्या साखळीतलं खऱ्या वाघाचं नख असेल तर गोष्ट वेगळी. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वाघनख, कातडं, हस्तिदंत मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगणं गुन्हा आहे, वारशाने आलं असलं तरी. विक्री तर अजिबात नाही. जुनी कागदपत्रं शोधा आणि वन खात्याकडे लेखी जा. हस्तिदंत म्हणून जपलेलं पुष्कळदा हाड किंवा प्लास्टिक निघतं, पण तपासायला गरम सुई टोचू नका, वस्तूही जाते.

२०. जुनं भांडं, जुनं नाणं चकचकीत करावं का?

वापरातलं भांडं, खुशाल. चिंच, मीठ, राख, आजी करायची तसं. आंबट पदार्थ ठेवायचा तर आत कल्हई करून घ्या, नाहीतर ताक कळकतं. नवसागराचा धूर आणि कथलाचा तो चंदेरी हात फिरताना बघायला मिळणं आता दुर्मीळ झालंय, कल्हईवाला सापडला तर मुलांना घेऊन जा.

नाण्याला मात्र हात लावू नका. माझी पहिली शिवराई मी चिंच-मिठाने घासली. दहा मिनिटांत गुलाबी, नवीकोरी, आणि अक्षरं निम्मी. तो तपकिरी थरच तिचं अंग होतं. कडक, गुळगुळीत हिरवा थर असेल तर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती झीज चालू आहे. नाणं कोरडं आणि इतरांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी चिकट हिरवी होतात. साध्या कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर पेन्सिलीने लिहा.

२१. मोडीतले जुने कागद सापडले. वाचायचे कसे, सांभाळायचे कसे?

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. घड्या हळू उघडा, सावलीत फोटो काढा, मग मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. जुने लोक दप्तरात वेखंड ठेवत, आजही ठेवा, पण कागदाला थेट लागू देऊ नका. वाचनासाठी मोडी शिका. वर्ग निघतात, तीन महिन्यांत अक्षर लागतं, लपेटीची, म्हणजे एकमेकांत जोडून लिहिलेल्या अक्षरांची, सवय व्हायला वर्ष. महत्त्वाचं काही वाटलं तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा, वि. का. राजवाड्यांनी १९१०मध्ये ते अशाच घरोघरच्या दप्तरांसाठी उभं केलं.

कालगणनेचं: इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा; फसली आणि शुहूर हे जुन्या कागदांवरचे सन, फसलीत साधारण ५९० मिळवा, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. राज्याभिषेक शक १ म्हणजे १६७४. नव्वद टक्के कागद शेतसाऱ्याचे आणि भाऊबंदकीचे निघतात. निराश होऊ नका, भाऊबंदकी वाचायला मजा येते.

२२. ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिराती येतात. विकू का?

समोरचा आधी पैसे मागतोय का, एवढंच बघा. नोंदणी शुल्क, कर, कमिशन, काहीही नाव असो. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं की असे व्यवहार ती करत नाही, कोणाला अधिकार दिलेले नाहीत आणि कमिशनही घेत नाही. तांदूळ खेचणाऱ्या ‘राईस पुलर’ भांड्याची गोष्ट तर निव्वळ लूट आहे, त्यात शिकलेले लोकही जमीन विकून बसले आहेत. विकायचंच असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि पावती किंवा नोंद सोबत ठेवा.

२३. घरचे म्हणतात, तुझ्यामागे हे सगळं भंगारात जाणार. काय उत्तर देऊ?

ते बरोबर म्हणतात, म्हणून वही करा. प्रत्येक वस्तूला एक पान. माझ्या वहीतलं एक इथे देतो:

‘क्र. ४१. पितळी पायली. उंची एक वीत चार बोटं. कडेला एक पोचा. मावशीच्या घरून, २०११, घर पाडताना. मावशी म्हणाल्या, पोचा त्यांच्या सासऱ्यांनी दुष्काळात धान्य मोजून देताना भांडणात पायली आपटली त्याचा. कोणाला देऊ नये. फार तर धाकट्याला.’

धाकट्याने परवा ते पान वाचलं आणि पायली स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. सध्या तिच्यात त्याचे चार्जर आहेत.